मंडळाचं डोंगल

रविवार, १० ऑगस्ट

आज सभेत मी स्वतःच्याच विरुद्ध मत दिलं, म्हणून लिहायला बसले.

इथल्या, सिंगापूरच्या, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एकवीस वर्षांपूर्वी विकत घेतलेलं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे त्याची किल्लीवजा यूएसबी काडी, लावल्याशिवाय उघडत नाही. डोंगल माझ्या संगणकाला. त्यामुळे मुद्रितं तपासायला सगळे आंग मो किओला माझ्याच घरी यायचे, सप्टेंबरभर दर शनिवारी. येताना कुणी लिटिल इंडियातून जिलबी आणायचं. एका पडद्यापुढे चार डोकी, आणि मी ओरडायचे, "चिकट बोटं लावू नका!"

नेहाने, आमच्या नव्या संपादिकेने, नव्या ऑनलाइन सॉफ्टवेअरचं वार्षिक सबस्क्रिप्शन सुचवलं. "काकू, मग सगळे आपापल्या घरून तपासतील. तुम्हाला शनिवारचा त्रास नको."

त्रास. तशी तक्रार मीच करायचे, दर शनिवारी. तिने ती खरी मानली, तिची काय चूक?

कुलकर्णी म्हणाले, "विकत घेतलंय ते आपलं आहे. दरवर्षी कशाला भरायचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी शनिवार वाचले असते. पण ते जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, आणि माझा जुना यंदा दोनदा बंद पडलाय. खोटं कसं बोलणार?

"सबस्क्रिप्शनच घ्या," म्हटलं.

आता शनिवारी काय करायचं?

सभेनंतर नेहा माझ्याबरोबर घरी आली. तिला दिलं: डोंगल एक, सीडी एक, एकवीस अंकांच्या फायली. सही घेतली. चहाला थांबली नाही.