बिडाचा पंजा

३ नोव्हेंबर, सोमवार
पडवीत पाय ठेवायला जागा नाही. दत्तानं जीपचं बॉनेट काढून भिंतीला लावलंय आणि इंजिनाचा मॅनिफोल्ड सोडवून पोत्यावर ठेवलाय. बिडाचा, चार बोटांचा जड तुकडा. इंजिनाच्या चार भोकांतला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडतो. दत्ता त्याला पंजा म्हणतो. त्याचं म्हणणं, साच्यातून निघाला तसाच खडबडीत बसवलेला, भोकाला भोक नीट जुळत नाही, धूर अडतो, म्हणून गाडीला चढाला दम लागतो. आतून घासून मोकळा करणार. घरीच. उर्शाच्या कारखान्यात वीस-एक वर्षं बीडच घासत होता, त्यामुळे मी काय बोलणार.
सुनंदा ओट्यावरून म्हणाली, "गाडीचा दम दिसतोय ह्यास्नी." बायकोच्या ह्या बोलण्यावर दत्ता हसला नाही. मी हसलो, मग बरं वाटलं नाही.
उद्या तळेगाव, तिचं डायलिसिस. रिक्षा सांगितली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
रिक्षानं गेलो, तिघंही. येताना कुरवंड्याच्या चढाला सु.ला उलटी झाली. रिक्षावाला चांगला माणूस. उतरून डोंगराकडं बघत उभा राहिला. तेच तिला लागलं. पदरानं सीट पुसत होती, मी म्हटलं राहू दे, तरी पुसतच राहिली.
घरी आल्यावर, "लोकाच्या गाडीत न्हाई जायची आता मी. आपल्या गाडीत वकले तरी आपलंच हाय."
म्हणजे शुक्रवारपर्यंत जीप झाली पाहिजे. पेपरातला माझा रविवारचा लेख गुरुवारी द्यायचा. घरात दोन डेडलाइनी. निवृत्त होऊन धाकट्या भावाकडं राहायला आलो तो शांतता मिळेल म्हणून.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर ग्राइंडर. ताकात काळी पूड.
काम असं: इंजिन आणि पंजा यांच्या मधलं पॅकिंग पंजाच्या तोंडावर ठेवायचं, त्याच्या भोकाभोवती रेघ मारायची, रेघेच्या आत जेवढं बीड दिसतं तेवढं घासून काढायचं. रेघ मारायला सु.ची जुनी नेलपॉलिश घेतली त्यानं.
"माज्या बोटाला कदी लावून दिली न्हाई," ती म्हणाली.
"तुजी बोटं हालत्यात," दत्ता म्हणाला. "ही गप बसत्यात."
बऱ्याच दिवसांनी ती मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "भावजी, मला चुलीपाशी बसून कळतं बगा, गाडी पान्याच्या टाकीपासनं खाली लोनावळ्याला गेली का वर नागफनीच्या कड्याला. चढाला कन्हती. खाली गप जाती."
आतली जाडी तो बोटानं जोखतो. एक बोट आत, अंगठा बाहेर. माप कशाला, म्हणे. चहा दिला तर उकळता स्टीलचा पेला मुठीत धरून बोलत बसला. मीच काढून घेतला. तळहाताला फोड आलाय, त्याला पत्ता नाही. साखर. ह्याच साखरेमुळे डॉक्टरांनी सांगितलं, तुमची किडनी बायकोला चालणार नाही. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
लेख दिला. पंजा बसला. अंधार पडायच्या आत एक फेरी मारून आला. जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडी खरंच चढते. परतताना चढावर मी मुद्दाम कान देऊन होतो. गियर खाली न टाकता वर आली. सु. मागच्या सीटवर आडवी, डोळे मिटलेले. म्हणाली, "कन्हली न्हाई." आरशात दत्ताचा चेहरा दिसला. लग्नातसुद्धा असा नव्हता.
दारात थांबलो, इंजिन चालू, तर बॉनेटखाली टिकटिक. धुराचा वास, तो आतपर्यंत आलेला. सु. वाटभर डोकं दुखतंय म्हणत होती, आम्ही म्हटलं नेहमीचंच असेल.
निवल्यावर पंजा सोडवला, तर त्याच्या तिसऱ्या बोटाला केसासारखी चीर. तिथंच जास्त घासलं गेलंय. दत्तानं चिरेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मग मला म्हणाला, "अण्णा, तू बग रं. मला लागंना."
मी फिरवलं. पत्र्यासारखं पातळ.

९ नोव्हेंबर, रविवार
ह्या जुन्या मॉडेलचा पंजा लोणावळ्यात नाही, तळेगावातही नाही. वेल्डिंग करायचं ठरलं. कामशेतचा वेल्डर उद्या येतो म्हणाला. बीड आधी भट्टीत तापवायचं, गरम असतानाच जोडायचं आणि मग गरम राखेत पुरून आपोआप निवू द्यायचं. एकदम गार हवा लागली तर तडकतं. दत्ता गिरणीतून भाताचा तूस घेऊन आला, परसात खड्डा करून पेटवलाय. तूस जळत नाही, धुमसतो. सगळ्या घराला वास.
दत्ता: "बिडाला घाई चालत न्हाई."

१० नोव्हेंबर, सोमवार
वेल्डर सकाळी यायचा तो दुपार कलल्यावर आला. काम मात्र सुबक केलं. पंजा राखेत गेला. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं.
मी एवढंच म्हणालो, "उद्या मंगळवार आहे."
जन्मभर दुसऱ्यांना वेळेची आठवण करून देण्याचा पगार घेतला. सवय.
दिवेलागणीला दत्तानं सांडशीनं राख उकरली. "निवलाय आता." वर उचलला. वारं होतं.
टिंग. काचेच्या ग्लासाला नख लागावं तेवढाच आवाज. सु. घरात होती, तिनंही ऐकला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ती गेली नाही. रिक्षा दारात येऊन परत गेली. दत्तानं हात जोडले, रागावला, मग नुसता बसून राहिला. ती एकच, "आपली गाडी झाली की जाऊ. ठरलंय न्हवं?"
तळेगावहून फोन. मी घेतला. पेशंट का आली नाही. म्हटलं, गाडी नादुरुस्त. खोटं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तिचे पाय सुजलेत. अंगठ्यानं दाबलं की खड्डा राहतो.
दत्ता वेल्डरकडं गेला होता. मी विचारलंच. "सुनंदा, हे गाडीचं नाही ना?"
वाल सोलत होती. "न्हाई."
"मग?"
"दोन वरसं झाली, भावजी. सुई टोचायला जागा न्हाई ऱ्हायली. एक दिस तितं जातो, एक दिस पडून जातो, मग परत तितंच. आन ते माज्याकडं बगत्यात, चोरी केल्यावानी. त्यांच्या साखरंला मी काय करू?" थोड्या वेळानं, "त्यास्नी गाडीचं वाटूंद्या. तुमी सांगू नका."
मी वाल सोलायला बसलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. तो जुनं वेल्डिंग कानशीनं काढत होता.
"दत्ता, तिला जायचंच नाही."
कानस थांबली नाही. "ठावं हाय."
"मग हे कशाला?"
"गाडी न्हवती म्हनून गेली न्हाई, आसं नगं व्हायला. गाडी दारात हुबी पायजे. मग न्हाई म्हन म्हनावं. तोंडावर."
वेल्डर पुन्हा आला. ह्या वेळी तिसऱ्या बोटाला बाहेरून बिडाचं ठिगळ. पंजा राखेत ठेवल्यावर सु. धापा टाकत परसापर्यंत आली, बसली आणि पसापसा तूस वर लोटत राहिली. कडेनं, मधे, परत कडेनं. बाळाला गोधडी घालावी तसं.
"आता घाई नका करू," ती त्याला म्हणाली.
"न्हाई करत."
आज लेख गेला नाही. ऑफिसातून फोन आला, घेतला नाही. असं पहिल्यांदाच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पंजा राखेतच. आज डाय.चा वार. रिक्षा आणतो म्हटलं, मान हलवून नाही. उशा रचून बसवलंय, आडवं झालं की श्वास लागतो. दत्ता दोनदा खड्ड्यापाशी जाऊन हात न लावता परत आला. खड्ड्यापासून तिच्याकडं, तिच्याकडून खड्ड्याकडं. बीड निवायची वाट बघायची आणि तिकडं तिच्या अंगात पाणी चढतंय.
तळेगावला मी फोन केला. म्हणाले, केव्हाही आणा, पण आणा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी राख उकरली. थंडगार. दत्तानं पान्यानं ठोकून बघितलं. घंटेसारखा भरीव आवाज. बसवला, सुरू केलं. टिकटिक नाही, वास नाही. मी चारही जोडांवर हात धरून पाहिला, त्याच्या हाताचा आता त्यालाच भरवसा नाही.
जीप दाराशी लावली, पुढचं दार उघडलं.
"चल."
"कुटं?"
"तू म्हनशील तितं."
ती बघत राहिली. मग उठली. चपलांत पाय जाईनात, तशीच निघाली. दोघांनी धरून चढवलं. मी खुंटीवरची तळेगावची पिशवी, चादर, फाइल, खिडकीतून आत दिली. तिनं न बघता पायाशी ठेवली. दत्ताला म्हणाली, "हळू घ्या."
टाकीपाशी रस्ता फुटतो, खाली लोणावळा आणि पुढं तळेगाव, वर नागफणीचा कडा. घरातून टाकी दिसत नाही. मी आत गेलो, चुलीपाशी, ती बसते त्या पाटावर बसलो आणि कान दिला.
गाडी टाकीपर्यंत गेली. जरा थांबली. पुन्हा निघाली. एकसारखा, मोकळा आवाज, लांब लांब जाणारा. कण्हली नाही.
खाली जाताना आधीही कण्हत नव्हती. आता वर गेली तरी कण्हत नाही.
दत्ताचा फोन फडताळावर चार्जिंगला लावलेला आहे. भात टाकलाय, तिघांचा.