इर्जिकीचं जेवण

आबा, काल वडगावला पोलीस ठाण्यात शांततेची बैठक होती. तुमची लेक म्हणून मलाही बोलावलं. एप्रिलातल्या आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकर लावल्यावरून आपली आणि वरच्या आळीची पोरं परवा पुन्हा भिडली, दोघांची डोकी फुटली. साहेबांनी चहा पाजला, सगळ्यांनी माना डोलावल्या. फार थकले आहे हो मी, त्याच त्या भांडणाला.

आपल्या वेळी निमित्त मिरवणुकीच्या रस्त्याचं होतं. तुमचं मनगट मोडलं, ते कायमचं वाकडं राहिलं. वर्षभर गावच्या गिरणीत आपलं दळण घेत नव्हते, मी डबा घेऊन मळवलीला जायचे. एवढं सोसून तुम्ही मारहाणीच्या केसमध्ये कोर्टात तडजोडीवर सही करून आलात. मी तेव्हा कॉलेजात, अक्कल उतू जात होती. म्हणाले, "आबा, तुम्ही घाबरलात." चपला काढत तुम्ही म्हणालात, "केस जिकू गं. पन जिकून परत ह्याच पाणंदीनं घरी यायचंय न्हवं?"

तुमची अट एकच होती. भातलावणीला वरच्या आळीचे लोक आपापसात इर्जिक घालायचे; एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं आणि त्याच्याच घरी जेवायचं. तुम्ही म्हणालात, "आता आमालाबी त्यात धरा." पहिल्या वर्षी ते आले, चिखलात वाकून लावणी केली, आणि जेवायच्या वेळी एकेकाला उपास आठवला. पुढच्या वर्षी तुम्ही त्यांच्या दारात जाऊन विचारलंत, "उपास कंदी न्हाई तेवढं सांगा, त्या दिशी लावनी धरू." ते दिवस ढकलत राहिले, आपलं रोप जून झालं, भात निम्मं आलं. आई बोल बोल बोलली. तुम्ही मात्र दरवर्षी विचारत राहिलात. चौथ्या वर्षी, ज्यानं तुमचं मनगट मोडलं तोच आपल्या पडवीत मांडी घालून बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "कालवन वाढा जरा." तुमचा चेहरा असा खुलला होता. वाढत होते मी; त्याच्या ताटात पळी आपटली आणि आत निघून गेले. तुमचं लक्ष नव्हतं.

तुमच्यामागे इर्जिक मोडली. लोकांना सांगते, नोकरीतून जमत नाही, आता लावणीला मजूर मिळतात. खरं म्हणजे मला त्याला पुन्हा वाढायचं नव्हतं. परवा डोकी फोडणाऱ्या पोरांनी एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा कधी प्यायलेलं नाही, आणि त्यात माझाही वाटा आहे.

बैठकीनंतर तोच, तुमचं मनगट मोडणारा, काठी टेकत माझ्यापाशी आला. "बाय, अवंदा लावनी कंदी हाय? माजा नातूबी हुता हानामारीत. त्याला घिऊन येतो." मी शनिवार सांगून टाकला.

आज सकाळपासून तांदूळ निवडते आहे आणि चिडते आहे. माझा राग गेलेला नाही, आबा. तुमचा तरी गेला होता का? इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी विचारलं नाही.