मॅडमचा मुक्काम

वाकड, ४ जुलै

चि. सौ. स्वप्नालीस, थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहून यांच्याकडे देते. यांची कंपनी चाकणला, आपल्या गावाजवळच, पत्र पोचेल.

तू आपल्या गावच्या शाळेची मुख्याध्यापिका झालीस, गावातच राहायचा नियम निघाला. म्हणून तू माझ्या खोलीत, आणि आम्ही दोघं इथं तुझ्या घरी, गणराजभावजी आणि तुझ्या लेकीपाशी, शर्वरीपाशी. बरं, सासूबाईंचं काय चाललंय? रोज फोन करून मॅडमच्या हातच्या मेथीचं कौतुक! वीस वर्षं माझी मेथी खाल्ली, एकदा तरी छान म्हणाल्या? जळते मी, लपवत नाही. पण शर्वरी माझ्याशिवाय झोपत नाही, हेही ऐकून ठेव.

राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
सुमनताई


माळवाडी, ९ जुलै

ती. सौ. सुमनताईंस, सा. न. वि. वि.

तुम्ही मेथीवरून जळता, मी शर्वरीवरून. काल फोनवर मोठ्या आईचं थालीपीठ, मोठ्या आईची गोष्ट, दुसरं काही नाहीच. तिची आई कोण, ताई?

ग्रामसभेत मी गावात राहते असा ठराव व्हायचा होता. तो नसला तर माझं पद जाईल. तर सोनबाकाका उठले. म्हणाले, मॅडम इथं ऱ्हाते व्हय, पण लेक वाकडला इंग्रजी शाळेत. आमचीच पोरं हिच्या शाळेत का? ठराव अडला. मला तोंड वर करवेना.

शर्वरीचं नाव माझ्याच शाळेत घालते. रविवारी थोरल्या भाऊजींबरोबर पाठवा. तुम्ही खुशाल तिथंच राहा, लिफ्ट आहे, दगदग नाही.

लहान जावेवर माया असू द्यावी.

आपली,
स्वप्नाली


वाकड, ११ जुलै

चि. सौ. स्वप्नालीस आशीर्वाद, नाइलाजाने.

वा गं वा! घर घेतलंस, सासू घेतलीस, आता पोरगीही? मला देवानं मूल दिलं नाही, ते तुला ठाऊक असून खुशाल राहा लिहितेस? पत्र वाचून जेवले नाही मी. तिचे कपडे बॅगेत भरले, उपसले, पुन्हा भरले. तिनं विचारलं, मोठी आई, तू कधी येणार? काय सांगू तिला?

सोनबाकाकांचं खरं आहे. पोरीला आणते. पण मीही येतेय, हेही येताहेत. गणराजभावजींना खिचडी शिकवून ठेवलीय, मरत नाहीत.

तू गावात राहावंस असा नियम आहे, माझ्या खोलीत राहावंस असा नाही. तुझी खाट ओसरीवर काढ. आत मी आणि शर्वरी निजणार.

आशीर्वाद आहेतच,
सुमनताई