बकारामची सही

१२ जानेवारी २०२५

दुर्गेश्वरीचा फोन! चक्क नऊ महिन्यांनी. चांगली खरडपट्टी काढणार होतो, पण 'सर' म्हणाली आणि राग गेलाच.

हैदराबादला सरकारी प्रयोगशाळेत आहे. कंपवातावर नवं औषध शोधतेय. "छोटा रेणू आहे सर. रक्त आणि मेंदूच्या मधात कुंपण असते न, त्यातून निघून जाते." लगेच समजलं. शेताच्या धुऱ्यावरच्या काटेरी कुंपणाला म्हैस अडते, कोंबडीचं पिल्लू आरामात पलीकडे.

मेंदूच्या आजारांना कंपन्या हात लावायला भितात म्हणे — दहा-दहा वर्षं जातात आणि शेवटी फसतं. म्हणून आता केंद्राची योजना आली आहे. टप्प्याटप्प्यानं मदत. आधी रेणू सुधारायचा, मग प्राणी, मग माणसं. तिला अर्ज करायचाय. सोबत एका रुग्णाच्या रोजच्या जगण्याबद्दल दोन पानं हवीत, साध्या भाषेत. "आपल्या गावात, गोरेगावात कोणी असन तर त्याले विचारून तुमीच लिहा न सर. हातानं लिहा."

बघतो म्हणालो. बोलताना उजवा हात खिशात होता. फोनवर तिला काय दिसणार होतं! तरी खिशातच.

१३ जानेवारी

देवका दिवसभर मागे लागली होती. "काऊन लपवून राहिले जी तुमी? पोटच्या पोरीवाणी आहे ते."

माझा कंपवात दोघांनाच माहीत आहे — बायकोला आणि नागपूरच्या डॉक्टरांना. बाकी गावाला खांदा दुखतो एवढंच सांगितलंय. दुर्गेश्वरीला तर नाहीच सांगणार. पोरगी हळवी आहे, काम सोडून धावत येईल. आणि खरं सांगू? लाज वाटते. फळ्यावरचं माझं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गाचे मास्तर दारात उभे राहायचे. तो हात आता शर्टाचं बटण लावू शकत नाही.

१९ जानेवारी

बाजारातून बोरं आणली. खाताना २००६ ची दहावी ब डोळ्यांपुढे आली.

शाळेत रेणूंचे नमुने कुठले असायला! मी बोरं आणि खराट्याच्या काड्या आणायला सांगितल्या. हिरवी बोरं कार्बन, पिकलेली हायड्रोजन. पोरांनी मिथेन केला, कोणी इथेनॉल. दुर्गेश्वरीनं सगळ्यांच्या पुढे जाऊन बेंझिन केलं, सहा कार्बनचं कडं. मी वहीत शेरा लिहीपर्यंत सहाही हायड्रोजन गायब! तोंड भरलेलं. म्हटलं, ऊठ, आता हे काय राहिलं? बिया हातात थुंकून म्हणाली, "अभिक्रिया झाली सर."

किती हसलो होतो. ते दिवस परत हवेत. बाकी काही नको.

२ फेब्रुवारी

दोन पानं झाली. चार दिवस लागले. गोळी घेतल्यावर सकाळी तासभर हात ऐकतो, तेवढाच वेळ.

रुग्णाचं नाव ठेवलं बकाराम. वय माझंच, ६९. धानशेती, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाच एकर. नाव आणि शेती मनानं रचलेली. बाकी सगळं माझं. बशीतला चहा ओठापर्यंत जाताना अर्धा सांडतो. मंडईत कुणीतरी म्हणालं, म्हातारा दिवसाढवळ्या पिऊन आला. बँकेत सही जुळत नाही. ओळ सुरू करतो तेव्हा अक्षर बरं असतं, शेवटाला पोचेपर्यंत मुंग्या होतात.

बकारामच्या नावावर बरंच बोलून घेतलं. हलकं वाटतंय.

३ फेब्रुवारी

पोस्टात टाकलं.

१८ मे

पहिली फेरी पार! समितीला ती दोन पानं फार आवडली म्हणे. दुर्गेश्वरी फोनवर रडत होती, मीही इकडे डोळे पुसत होतो. विचारलं, औषध कधी येईल? म्हणाली, सगळं नीट झालं तर दहा वर्षं. म्हणजे मी एकोणऐंशीचा. असो.

मग सहज सांगावं तसं म्हणाली, रुग्णाच्या सहीचं संमतिपत्र लागतं, कागद पोस्टानं पाठवते. महिनाअखेर पोचलं नाही तर फाइल तिथेच थांबेल.

पाठव म्हणालो आणि फोन ठेवला.

२० मे

बत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या. आता सरकारी कागदावर मी खोटा माणूस घालून बसलोय, आणि बुडणार ती. सही कुणाची आणू?

बकाराम वारला असं कळवून टाकू का, देवकाला विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मारू नका जी त्याले. त्यानं का बिघडवलं तुमचं?"

२२ मे

तिला फोन लावला. खरं सांगायचं ठरवूनच. उन्हाळ्याबद्दल बोललो आणि ठेवला. भित्रा मास्तर!

२७ मे

पाकीट आलं. रुग्णाच्या नावापुढे टाइप केलंय — ईश्वरदास टेंभरे, निवृत्त शिक्षक. बकाराम कुठेच नाही.

सोबत मी तिला २०२१ च्या दिवाळीत लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स. शेवटच्या बारीक ओळीभोवती लाल गोल, मी वह्यांत करायचो तसाच. खाली तिच्या हातानं — "सर, हे पाहिलं त्याच आठवड्यात मी हा रेणू हाती घेतला. तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली."

देवकाला हाक मारली. सकाळच्या गोळीसाठी थांबलो नाही. सही ओळीच्या बाहेर गेली. पण मोठी काढली.