जावयाचं मनगट

आई, तू गेल्यापासून मी तुला काही लिहिलं नाही, कारण तुला फक्त चांगलं ऐकायची सवय होती. आज चांगलं नाही. नाताळच्या सुट्टीत मी जावयाचं मनगट मोडलं.

तुझ्या पणतीला बर्फ बघायचा होता, म्हणून सौदीतल्या जेद्दाहून लेक, जावई, ती आणि मी इटलीतल्या एका डोंगरी गावात गेलो. लाकडी घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता, खाली मालकीणबाई राहत. जावई राबिघच्या रिफायनरीत इंजिनीअर, लेकीचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्याच आधारावर. जेद्दाला असतानाच तिच्या काळ्या अबायाच्या बाहीखाली काळेनिळे डाग मला दिसले होते. कपाटाचं दार लागलं, म्हणाली. मी तिथल्याच हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी करते, असली दारं रोज पाहते. तरी डाग दिसले त्या दिवशीही पहिली गरम पोळी जावयालाच वाढली. जावयाचा मान राखायचा, ही तुझी शिकवण.

नाताळच्या सकाळी चर्चच्या घंटा चालू होत्या. मी पोळ्या करत होते. तवा घरून बॅगेत नेलेला, आपण नेतोच. लेक हळूच म्हणाली, मी इथून थेट पुण्याला जाईन म्हणते, थोडे दिवस. त्याने हसून विचारलं, "कुणाला विचारून?" आणि तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. भुवई फाटली, रक्त कणकेच्या परातीत उडालं. नात खुर्चीवरून उतरून टेबलाखाली शिरली. न रडता, सवयीने.

तेव्हा मला तू दिसलीस. मी कॉलेजातून घरी येते, अप्पा तुझा हात ओट्याच्या कडेवर आपटतायत, मी शेजारच्या काकूंना बोलवायला धावते, आणि तू त्याच रक्ताळलेल्या हाताने माझ्या थोबाडीत देतेस. "घरातलं बाहेर नेतेस?" अप्पांच्या कुठल्याही मारापेक्षा ती थोबाडीत मला जास्त लागली. संध्याकाळी तू त्यांना साजूक तुपातला शिरा केलास.

मी फडक्याने तवा उचलला आणि लेकीच्या केसांत रुतलेल्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. "आई, वेड लागलं का तुम्हाला?" तो ओरडला.

"खाली बस," मी म्हटलं, "नाहीतर दुसरंही मोडीन."

मग जिन्याचं दार सताड उघडून मालकीणबाईंना हाका मारल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, लेकीचं तोंड पाहून त्यांना कळलं. त्यांनी दोघींना खाली नेऊन आतून कडी लावली. त्याच्या बॅगेतून पासपोर्ट मी काढले आणि दुसऱ्या दिवशी लेकीला, नातीला विमानात बसवलं.

त्या आता पुण्यात आहेत. त्यांचा सौदीचा परतीचा व्हिसा संपेल, संपू दे. वकील बघितला आहे. जावई राबिघला प्लास्टर मिरवतो आणि बर्फावर घसरलो म्हणून सांगतो.

लेक फोनवर म्हणते, आई, तू होतीस म्हणून मी वाचले. मी विषय बदलते. तिला वाचवायला एक घाव पुरला होता. दोघी खाली गेल्यावर परत आले, तेव्हा तो हात पोटाशी धरून जमिनीवर बसला होता, मी सांगितलं तसा. मी तवा पुन्हा उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. तो कळवळला आणि मला फार बरं वाटलं. अप्पांना काय वाटत असेल, ते आता मला माहीत आहे. हे लेकीला सांगणार नाही.