चुडतांत हात घालण्याआधी

प्रिय सुलभा,

तू गेल्यावर तुला पत्रबित्र लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पत्ता नसलेल्या माणसाला लिहिणं माझ्या शिस्तीत बसत नाही. पण आज सकाळी जे झालं, ते तुझ्याखेरीज कुणाला सांगू? ऐक. मी नागाला हात लावला. होय, मी!

हसलीस ना? हस. न्हाणीच्या दारातला सुंभ बघून बाकावर चढणारा तुझा नवरा. शाळेत मुलांना रज्जुसर्पाचा दृष्टांत शिकवायचा आणि घरी त्याचं प्रात्यक्षिक करायचा. "अवो मास्तर, दोरी आसा ती! बाकावरसून खाली उतरा आता!" हे तू शेजारच्या वासंतीवहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचीस. ते मात्र बरं नव्हतं हं.

तुला कसं गं भय वाटायचं नाही? न्हाणीच्या चुलीसाठी माडाच्या झावळ्यांची सुकी चुडतं काढायला गेलीस की आधी ढिगावर काठी आपटून सांगायचीस, "सरक रे बाबा, हात घालतंय." मग जरा थांबायचीस, पाहुण्याला पाय आवरायला वेळ द्यावा तशी. मी पडवीतून विचारायचो, हा कोणत्या वेदातला मंत्र? "जो लागू पडता, त्या वेदातलो!"

तापालाही तू तसंच सांगितलंस. "जायत आपसूक. लावणी होवंदे आधी." आणि गुडघाभर चिखलात उभी राहिलीस. ओरोसच्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर लेप्टो म्हणाले, आणि मग कुणीच काही म्हणेनासं झालं. नाग, मण्यार, फुरसं, सगळ्यांना वाट दाखवणारी बाई तू! डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूपुढे हरलीस? तापाला सरक म्हणालीस, तो सरकला नाही. मी का गं ओरडलो नाही तेव्हा? दोरी बघून ओरडायचो की!

आज पाणी तापवायचं म्हणून चुडतं काढायला गेलो. हाक दिली नाही. तू गेल्यापासून देतच नाही. सरळ हात घातला. गार, घट्ट, जिवंत असं काही लागलं. चुडत सरकलं आणि हातापासून वीतभर अंतरावर फणा उभा राहिला.

मी हललो नाही. याला धैर्य म्हणू नकोस. भीती येईल म्हणून उभा होतो, रोजच्या एसटीची वाट बघावी तसा. आलीच नाही! खोटं कशाला लिहू, मनात आलं, डसायचं तर डस. शेवटी त्यानंच फणा मिटला आणि माझ्या पायाला घासत कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटीत शिरला. घाबरला होता बिचारा. त्याच्यापाशी जपण्यासारखं काहीतरी होतं.

गडग्यापलीकडून वासंतीवहिनी ओरडत होत्या, "मास्तरानू, मागे सरा! मागे सरा!" मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "केवढो ओ धीर तुमचो! सुलभा असती तर..." पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सुलभा असती तर मी बाकावर असतो. हे त्यांना कसं सांगायचं?

जी भीती जावी म्हणून तू जन्मभर चेष्टा केलीस, ती गेली. तूच नेलीस बरोबर. भ्यायलासुद्धा उद्याचा दिवस हवासा वाटावा लागतो, हे मी कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. मला ती परत हवी आहे गं. बाकावर उभा राहून तुला हाका मारणारा तो भित्रा माणूस मला परत हवा आहे. कुठे ठेवलास त्याला?

एवढं वचन देतो. उद्या चुडतांना हात लावण्याआधी काठी आपटीन. तुझ्याच शब्दांत सांगेन, "सरक रे बाबा, हात घालतंय." माझी मालवणी ऐकून नाग हसला तर हसू दे. आणि मग तू थांबायचीस तेवढा थांबेन. भीती नसली तरी थांबेन.

तुझा,
बाकावरचा मास्तर