हिराबाईच्या कागदावर

९ जाने. ९५

सकाळपासून पो. पोटदुखी हा शब्द पूर्ण लिहायचाही कंटाळा आलाय. तरीही दोन वस्त्या केल्या. तिसऱ्या मळ्यात बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसले तर कांद्यातल्या बाया हसल्या. "सिस्टर, तुमालाच येक इंजिशन टोचा." बरोबर आहे त्यांचं.

दुपारी आरोग्य केंद्रात मीटिंग. मार्चअखेर माझ्या उपकेंद्राच्या नसबंदीच्या बावीस केसेस हव्यात, झाल्यात चौदा. मी म्हटलं, सर, पाळीचे तीन दिवस मला उभं राहवत नाही, फेब्रुवारीत तेवढी रजा मिळेल का. सगळ्या जणी टेबलाकडे बघायला लागल्या, जसं मी काही घाण बोलले. मेडिकल ऑफिसर: "सिस्टर, ते सगळ्याच बायकांना होतं. रिपोर्टात त्याला कॉलम आहे का?"

नाही. कॉलम बायका बंद करण्याला आहे.

२१ जाने., शनि.

एकलहऱ्याला, यांच्या क्वार्टरवर. चांदवडहून एसटीत उभी आले. सासूबाई देवळ्याहून आल्यात. जेवताना यांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा, "दुसऱ्याच्या बाया बंद करत हिंडती, म्हनून देवानं हिलाच बंद केली."

हे ताटात बघत राहिले. लग्नाला नऊ वर्षं. हे वाईट नाहीत. वाईट असते तर बरं, भांडता तरी आलं असतं.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय तुमच्या दुखण्याचं नाव सांगता येणार नाही. खाजगीत आपल्याला झेपत नाही. सरकारी दुर्बीण आहे, मला काय ठाऊक नाही? दर शिबिराला ती औषधाच्या ट्रेमध्ये बुडवते कोण, पुसते कोण? मीच. पण ती फक्त नसबंदीला निघते. दोन मुलं झाली असतील तर सरकार पोटात डोकावतं. एकही नसेल तर डोकावत नाही.

२ फेब्रु.

पंधरावी केस. मळ्यातली हिराबाई. दोन मुली, एक मुलगा, वय सव्वीस म्हणते. नवऱ्याची घाई, "कांदा काढनीच्या आत उरका." ती घाबरट. म्हणाली, "सिस्टर, माझं पाळीत लय दुखतं वो. पिळा पडतो आतून. ते ऑप्रेशननं वाढायचं नाय ना?"

मी म्हटलं, "उलट जाईल. ऑपरेशन केलं की तेही जातं."

खोटं. सांगताना तिच्या शेळीकडे बघत होते. तिनं लगेच अंगठा दिला.

माझं दुखतं म्हणून मी गावातल्या बायांशी प्रेमानं वागते असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. कुणी दुखतं म्हणालं की मला राग येतो. तुम्हाला तरी पोरं आहेत.

१८ फेब्रु.

काल शिबिर झालं. आज पडून लिहितेय. खांदे भरून आलेत. पोटात भरलेली हवा खांद्यापर्यंत चढते. हे मी बायांना किती वेळा सांगितलंय, "काही नाही, जाईल."

झालं असं. एकतीस बाया. प्रत्येकीच्या मनगटावर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. हिराबाई उशिरा आली म्हणून तिचा शेवटचा, एकतीस. पहिल्या चौघींना गुंगीचं इंजेक्शन देऊन सतरंजीवर निजवलेलं पाहिलं आणि ही मागच्या दारानं पसार. शिपाई रस्त्यापर्यंत बघून आला. नाही.

मेडिकल ऑफिसरांचं तोंड उतरलं. कागद तयार, अंगठा झालेला, आकडा वर कळवलेला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला आत बघून घ्यायचं होतं ना? तिच्या कागदावर तुम्ही झोपा. सर्जन साहेब नुसतं बघतील. तुमचं काम होईल, आपलं टार्गेट होईल." एका दगडात दोन पक्षी. त्यातला एक पक्षी आपण, हे दगड लागेपर्यंत समजत नाही.

मला आनंद झाला. खोटं का लिहू, फार आनंद झाला.

सर्जन साहेब नाशिकहून आले तेव्हा चहा पिताना मेडिकल ऑफिसरांनी त्यांना सांगितलं, शेवटची आमची सिस्टर आहे, नळ्यांना रिंग नाही टाकायची, फक्त बघायचं. त्यांनी मान हलवली. मग तीस बाया. माझा नंबर आला तेव्हा उन्हं उतरली होती. मनगटावर नवीन पट्टी, एकतीस. इंजेक्शन. डोकं खाली, पाय वर. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा साहेब निघाले होते. जीपपाशी गाठलं, भिंत धरत. म्हणाले, "आत जुन्या रक्ताचे काळे-निळे डाग आहेत. गर्भाशय मागे आतड्याला चिकटलंय. एंडोमेट्रिओसिस."

बारा वर्षांनी नाव मिळालं. मला रडूच आलं. म्हटलं, सर, लिहून द्याल का?

"कशावर लिहू? कागद त्या दुसऱ्या बाईचा आहे."

"उपाय काय सर?"

"मूल होऊ द्या. पुष्कळ कमी होतं."

आणि मग मी विचारलं. "सर, रिंग नाही ना टाकली?"

ते जीपमध्ये बसता बसता थांबले. "नाही टाकायची असं सांगितलं होतं ना?"

"हो सर. सकाळी."

"मग नसेल टाकली."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

२० फेब्रु.

पो. आहे. रिंगेचं दुखणं पहिले दोन दिवस असतं, ओढल्यासारखं, खाली दोन्ही बाजूंना. माझं नेहमीचंही तसंच, तिथंच. दुसऱ्या कुणा बाईला एव्हाना कळलं असतं.

४ मार्च

आरोग्य केंद्रात गेले. ऑपरेशनच्या टेबलाशी साहेबांना रिंगा भरून देतात त्या लताबाई एकट्या होत्या. रिंगांचा डबा काढायला लावला. एका बाईला दोन. तीस बायांना साठ जायला हव्यात. गेल्यात बासष्ट.

लताबाईंनी माझा हात धरला. "दोन-तीन दर वेळी निसटून खाली पडतात ना गं. झाडूत गेल्या असतील."

"माझ्या वेळी तुम्ही भरून दिल्या का?"

"तीस वेळा दिल्या. एकतिसाव्यांदा हात आपोआप गेला असेल तर मला सांगता यायचं नाही बाई. खरंच सांगता यायचं नाही."

चांगली बाई आहे. तिथंच तिच्या कानाखाली काढावीशी वाटली.

१२ मार्च

यांना अर्धंच सांगितलं. डाग आहेत, नाव अमुक, मूल झालं की कमी होतं असं मोठे डॉक्टर म्हणाले. यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. येताना द्राक्षं घेऊन आले, स्वतः धुऊन ठेवली. सासूबाईंना फोन केला, "उपाय आहे म्हणतात."

२९ मार्च

बावीस झाल्या. त्यातली एक हिराबाईच्या नावानं. मेडिकल ऑफिसरांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. वाजवल्या, मीही.

६ मे

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. नळ्यांत औषध सोडून एक्सरे. उघड्या की बंद ते कळेल. चिठ्ठी पर्समध्ये.

१९ ऑग.

चिठ्ठी पर्समध्येच. बंद निघाल्या तर यांना काय सांगू, आजारानं की सरकारनं? न गेलेलं बरं. हे आशेवर आहेत तोवर घरात गोड बोलणं तरी आहे.

पो. चार दिवस. रजा नाही. गरोदर बायांची वजनं केली.

१६ फेब्रु. ९६

हिराबाई आली. चालण्यावरूनच कळलं. पाचवा महिना. डोळ्याखाली निळं.

त्या दिवशी ती शिबिरातून पळाली ती थेट आईकडे. मनगटावरची पट्टी काढून बेंबीखाली चिकटवली आणि आठ दिवसांनी सासरी येऊन सांगितलं, झालं ऑपरेशन. ग्रामपंचायतीच्या यादीत नाव लागलेलंच होतं, माझ्या कृपेनं. आता नवरा विचारतो, "सरकारात लिवलंय तू बंद हायेस. मंग हे प्वाट कुनाचं?"

"सिस्टर, त्याचंच हाय वो. आईची शपथ."

माझ्या पोटात गेल्या असतील त्या रिंगा हिच्या नावावर. हिच्या पोटातलं मूल कुणाच्याच नावावर नाही. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं धरून आम्ही दोघी.

तिला म्हटलं, पळालीस हे सांगून टाक. म्हणाली, "ते सांगितलं तर जित्ती ठेवायचा नाय. वरीसभर फशिवलं म्हनंल."

तिच्या डोळ्याखालच्या डागावर मलम लावलं. तिला इतकं सुखानं मूल राहतं याचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

११ एप्रि.

मीटिंग. या वर्षापासून टार्गेट नाही. वरून आदेश. यापुढे बायांना त्यांच्या गरजा विचारून काम करायचं. नवीन छापील फॉर्म आले. कॉलम शोधला. पांढरं जाणं आहे, रक्त कमी आहे. पाळीतलं पो. नाही. एक वर्ष आधी आला असता हा आदेश तर...

जाऊ दे.

मग मेडिकल ऑफिसरांनी दुसरा कागद सरकवला. ऑपरेशन होऊनही दिवस गेले तर भरायचा फॉर्म. हिराबाई बाहेर पायरीवर, नवरा दारात उभा, हाताची घडी.

"सर, खरं लिहू?"

"खरं म्हणजे कोणतं, सिस्टर?" आवाज खाली आणून, "तुम्ही झोपलात ते? तुमची नोकरी, माझी नोकरी. आणि त्या बाईचं काय होईल ते बघा दारात."

खरं लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. चौकशीत साहेबांना बोलावलं असतं. साहेबांना सांगावंच लागलं असतं, टाकली की नाही. मला तेवढंच हवं होतं. एक शब्द. त्यासाठी नोकरीही दिली असती, दिली असती मी. पण हिराबाई पायरीवरून माझ्याकडेच बघत होती. हिच्या शेळीकडे बघून मी बोलले होते, ते आठवलं.

कारणाच्या रकान्यात लिहिलं: रिंग निसटली असावी. खाली सही. नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "होतं असं कधी कधी. बाईची चूक नाही."

त्यानं हाताची घडी सोडली. तिला म्हणाला, "चल."

जाताना तिनं माझ्या हाताला हात लावला. "देव तुमाला बी दील, सिस्टर."

मी हो म्हटलं.

पाळीची तारीख उलटून चार दिवस झालेत. कुणाला सांगितलेलं नाही. पोट दुखतंय, पण ते नेहमीच दुखतं.